संदकफूची पाच दिवसांची शर्यत : तिसऱ्या दिवशीची मॅरेथॉन कशी पळावी?

पायवाट
मंडळी, नमस्कार. रस्त्यावरच्या मॅरेथॉन पळते, साताऱ्याची हिल हाफही पळून झाली आहे. यंदा धीर करून दार्जिलिंगजवळच्या हिमालयन हंड्रेड माइल स्टेज रेसला नाव नोंदवलंय. ज्यांनी ऐकलं नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात: सिंगालीला राष्ट्रीय उद्यानात, भारत-नेपाळ सीमेवरच्या डोंगरधारेवर १९९१ पासून ही शर्यत होते. पाच दिवसांत १०० मैल. पहिल्या दिवशी माने भंज्यांग गाव ते संदकफू शिखर ३८ किमी. दुसऱ्या दिवशी संदकफूहून मोलेच्या दिशेने जाऊन परत, ३२ किमी. तिसऱ्या दिवशी पूर्ण मॅरेथॉन, संदकफूहून निघून खाली रिंबिकला. चौथ्या दिवशी २१ आणि पाचव्या दिवशी २७ किमी, की पुन्हा माने भंज्यांग.

माझा प्रश्न तिसऱ्या दिवसाचा आहे. या मॅरेथॉनला एव्हरेस्ट चॅलेंज असं वेगळं नाव आहे आणि नुसती तेवढीच पळायलाही लोक येतात. म्हणजे आपण ७० किमीचे पाय घेऊन उभे आणि शेजारी ताज्या पायांचा माणूस. पहिले दोन दिवस राखून पळून तिसऱ्या दिवशी जोर लावावा, की तिला पाचांतला एक दिवस समजून शांतपणे उरकावं? आणि पुण्यात राहून तयारी कशी करावी? पळालेल्यांनी सविस्तर लिहा, प्लीज.

मंद_पण_धावतो
वाचतोय. संदकफूचा ट्रेक केलाय. त्या दगडांवरून पळायचं म्हणजे आधी दंडवत घ्या!

रानवारा
अभिनंदन, पायवाट. ही शर्यत पळलोय, त्यामुळे जरा लांबण लावतो.

पहिला दिवस नकाशावर दिसतो तसा एकसलग चढ नाही. माने भंज्यांगमधून बाहेर पडल्या पडल्या चित्रेपर्यंत छातीवर येणारा चढ. मग टोंगलू-तुमलिंगपाशी तुम्ही तीन हजार मीटरच्या आसपास जाता आणि तिथून गैरीबासला उतरताना कमावलेले तीनेकशे मीटर घालवून बसता. मग परत चढ. कालीपोखरीचं तळं दिसलं की वाटतं आलंच. पण बिखेभंज्यांगच्या पुढचा शेवटचा टप्पा सगळ्यात खडा आहे. तिथे पुढचे आणि मागचे सगळे सारखेच दिसतात: हात गुडघ्यांवर, मान खाली. हा चढ जो पळायला जातो त्याची मॅरेथॉन तिथेच संपते, फक्त त्याला ते दोन दिवसांनी कळतं.

दुसरा दिवस फसवा. अंतर कमी, धार उघडी, आकाश स्वच्छ असेल तर एकीकडे कांचनजंगा आणि दुसरीकडे ल्होत्से, एव्हरेस्ट, मकालू. जगातल्या पहिल्या पाच उंच शिखरांपैकी चार एका जागेवरून दिसतात. माणूस हरखून पळत सुटतो. पायाखाली मात्र तेच उभे-आडवे दगड, आणि उंची सगळा वेळ साडेतीन हजारांच्या जवळपास.

तिसऱ्या दिवशी सुरुवात त्याच धारेवरून आणि नंतर जंगलातून उतार. संदकफू ३६३६ मीटर, रिंबिक साधारण २३०० मीटर. उतार म्हटल्यावर लोकांना हायसं वाटतं. मला विचाराल तर अख्ख्या शर्यतीतली अवघड जागा तीच. तेव्हा तिथेही राखून पळा, आणि तयारी चढाची कमी, उताराची जास्त करा.

ठाणेकर
रानवारांचं बाकी सगळं मान्य, पण 'राखून पळा' या सल्ल्याला माझा विरोध आहे. तिसऱ्या दिवशी खाली उतरता तशी हवा दाट होत जाते, श्वास मोकळा होतो. दोन दिवस जखडल्यासारखं पळून झाल्यावर पहिल्यांदाच पाय सुटतात. तिथे राखायचं कशासाठी? पुढचे दोन दिवस लहान आहेत, ते दातओठ खाऊन निघतात. माझी आयुष्यातली सगळ्यात आनंदाची मॅरेथॉन तीच होती आणि मी ती जीव खाऊन पळालो.

रानवारा
@ठाणेकर, लहान म्हणजे ४८ किमी आहेत हो अजून! चौथ्या दिवशी रिंबिकमध्ये जिना उतरताना कठड्याला धरून एकेक पाऊल टाकणारी माणसं मी पाहिली आहेत. तुमच्या मांड्यांना उताराची सवय असणार. पायवाटताईंना ती आहे का, हा मुद्दा आहे.

चहाबाज
सगळं ठीक आहे, पण वाटेत चहा मिळतो का ते कोणी सांगेल का?

सिलिगुडीची_सून
@चहाबाज, दार्जिलिंग जिल्ह्यात येऊन हा प्रश्न विचारलात! मिळतो, पण वरच्या वस्त्यांवर बऱ्याच ठिकाणी दुधाची पावडर घातलेला. तुमलिंगला चुलीपाशी बसून प्यायला तर त्यातही स्वर्ग आहे.

मूळची सांगलीची, लग्नानंतर इकडेच. थोडी स्थानिक माहिती देते. बागडोगरा विमानतळ किंवा न्यू जलपाईगुडी स्टेशन, तिथून गाडीने वर. ऑक्टोबरअखेर ते नोव्हेंबर हा काळ मुद्दाम निवडलेला असतो: पाऊस संपलेला, हवा धुतल्यासारखी, डोंगर दिसण्याची शक्यता सगळ्यात जास्त. पण संदकफूला रात्री पारा शून्याखाली जातो आणि पहाटेचा वारा हाडात शिरतो. दुपारनंतर धुकं कधी चढेल याचा नेम नाही. पळताना अंगात घाम, थांबलात की पाच मिनिटांत हुडहुडी. वाऱ्याचं पातळ जाकीट आणि हातमोजे पाठीवर हवेतच, सकाळी कितीही ऊन असलं तरी.

वाट कधी नेपाळात, कधी भारतात. मध्ये सशस्त्र सीमा बलाच्या चौक्या लागतात, मूळ ओळखपत्र जवळ ठेवा. या रस्त्यावर अजून जुन्या लँड रोव्हर चालतात, इंग्रजांच्या चहामळ्यांच्या काळापासून राहिलेल्या. वळणावर घरघर ऐकू आली की डोंगराच्या बाजूला सरकायचं, दरीच्या बाजूला नाही. हे पळण्याच्या नादात विसरायला होतं, म्हणून लिहिलं.

दगडधोंडे
मला एक कळत नाही. हाच डोंगर पाठीवर सॅक टाकून, रमतगमत, कितीतरी कमी पैशात होतो. तांबड्या पांडाचं जंगल आहे ते. तिथे छातीवर नंबर लावून धावायचं, एनर्जी जेलची पाकिटं फोडायची, घड्याळाकडे बघायचं, यातून डोंगर काय कळणार? आमच्या सह्याद्रीतही आता दर रविवारी कुठली ना कुठली रेस. किल्ल्यांवर चढताना वाट सोडून बाजूला उभं राहावं लागतं.

रानवारा
@दगडधोंडे, गर्दीबद्दल सहमत. शनिवार-रविवारी राजगडाच्या चोरदरवाजाला शर्यत नसतानाही रांग असते, त्यात भर नको. पाकिटाबद्दलही सहमत, फाडलेला कोपरासुद्धा खिशात गेला पाहिजे. पण डोंगर कळत नाही हे पटत नाही. पळताना पुढचा दगड हलतो की नाही हे पायाला आधी कळावं लागतं. तुम्ही बघता तोच डोंगर आम्ही तळपायाने वाचतो.

दगडधोंडे
हम्म. तळपायाने वाचतो हे आवडलं. मत बदललेलं नाही.

डॉ_स्टेथो
उशिरा आलो, पण उंचीबद्दल कोणी नीट लिहिलेलं दिसत नाही आणि मला सगळ्यात काळजी तीच वाटते.

३६०० मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साधारण ६५ टक्के असतो. तीन हजार मीटरच्या वर गेल्यावर झोपण्याची उंची रोज ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये, असा सर्वमान्य संकेत आहे. या शर्यतीत पहिल्याच दिवशी सोळाशे-सतराशे मीटर वर चढून तिथेच झोपायचंय, तेही ३८ किमी दमून. आपल्याकडे कळसूबाई सगळ्यात उंच, १६४६ मीटर. माने भंज्यांग हे सुरुवातीचं गावच त्याच्याहून वर आहे. म्हणजे सह्याद्रीत कितीही घाम गाळला तरी उंचीची सवय मिळणार नाही. त्यावर उपाय वेळ: शर्यतीच्या चार-पाच दिवस आधी दार्जिलिंगला पोहोचा, जमल्यास एखादी रात्र तुमलिंगला काढा.

दम चांगला असणाऱ्यांना उंचीचा त्रास होत नाही हा गैरसमज आहे. उलट ते भरभर चढतात आणि लक्षणं अंगावर काढतात. डोकेदुखी, मळमळ, भूक मेली, झोप लागत नाही: असं झालं तर आहात तिथेच थांबा, आणखी वर जाऊ नका. सरळ रेषेत एका पायाच्या टाचेला दुसऱ्या पायाची बोटं लावत चालता येत नसेल, बोलण्यात गोंधळ होत असेल किंवा बसल्या जागी धाप लागत असेल, तर शर्यत संपली. त्याच घटकेला खाली. रात्र असली तरी.

डायमॉक्स ही उंचीच्या त्रासावरची गोळी बरेच जण घेतात, प्रतिबंधासाठी साधारणपणे १२५ मिग्रॅ दिवसातून दोनदा. पण सल्फाची ॲलर्जी, मूत्रपिंडाचे विकार वगैरे बघूनच. आपल्या डॉक्टरांना विचारा, इथे विचारून घेऊ नका.

पायवाट
डॉक्टर, मनापासून आभार. चार दिवस आधी जायचं ठरवलं, रजेचा अर्ज उद्याच देते. अजून एक: आमच्या ग्रुपमधले काहीजण लांब पळायच्या आधीच ब्रुफेन ही दुखण्याची गोळी घेतात. पाच दिवसांच्या शर्यतीत रोज सकाळी एक घेतली तर चालते का?

डॉ_स्टेथो
नाही. हे ठळक अक्षरांत समजा.

यावर नेमका टप्प्यांच्या शर्यतींतलाच अभ्यास आहे, २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेला. २५० किमीच्या अनेक दिवसांच्या शर्यतीत ८० किमीच्या टप्प्याला निम्म्या धावपटूंना आयब्युप्रोफेन (म्हणजे ब्रुफेनमधलं औषध) आणि निम्म्यांना तशीच दिसणारी खोटी गोळी दिली. मूत्रपिंडाला तात्पुरती इजा झाल्याचं खोट्या गोळीच्या गटात ३४ टक्के, तर खऱ्या गोळीच्या गटात ५२ टक्के लोकांत दिसलं. धावपटू एकूण ८९ च होते, त्यामुळे आकड्यांना फार ताणू नये. पण गोळी न घेतलेल्यांतही तिघांमागे एक, यावरून मूत्रपिंडावर आधीच किती ताण असतो ते बघा. त्यात उताराने फाटलेल्या स्नायूंचा कचरा रक्तात, अंगात पाणी कमी, वर ही गोळी. नकोच.

आणि पाणीसुद्धा तहानेप्रमाणे. नुसतं साधं पाणी ढोसत राहिलात तर रक्तातलं सोडियम उतरतं आणि ते जास्त धोक्याचं. खारट काहीतरी खात राहा.

चहाबाज
खारट म्हणजे फरसाण चालेल का? नेहमीच्या दुकानाचं लसूण शेव पाकीट नेता येईल.

डॉ_स्टेथो
विनोद म्हणून लिहिलंत, पण खरंच चालेल. उंचीवर गोड नकोसं होतं. तिसऱ्या दिवशी जेल बघून पोटात ढवळतं तेव्हा मीठ लावलेला उकडलेला बटाटा आणि मूठभर शेव घशाखाली उतरते.

वाळूत_पाय
अनेक दिवसांच्या शर्यतींचा विषय निघालाच आहे तर अवांतर: मोरोक्कोच्या वाळवंटातली मॅराथॉन दे साब्ल १९८६ पासून चालते, साधारण २५० किमी, जेवण-अंथरूण सगळं पाठीवर. १९९४ मध्ये मॉरो प्रॉस्पेरी नावाचा इटालियन धावपटू वाळूच्या वादळात वाट चुकला आणि नऊ-दहा दिवसांनी अल्जीरियात सापडला. वटवाघळांचं रक्त पिऊन जगला होता. आणि नंतर परत ती शर्यत पळायला गेला!

मंद_पण_धावतो
बाप रे. लसूण शेव बरी.

रानपाखरू
पायवाट, बायकांच्या दृष्टीने कोणी लिहिलं नाही म्हणून लिहिते.

पाच दिवसांची शर्यत म्हणजे पाळी मध्येच येण्याची शक्यता धरूनच चालायचं. उंचीने, थंडीने, दमण्याने तारीख मागेपुढे होते. पाळीचा कप वापरत असशील तर तो तिथे पहिल्यांदा वापरू नकोस, निदान दोन-तीन महिने आधीपासून लांब पळताना सवय कर. संदकफूला पाणी बर्फासारखं असतं आणि हात बधिर होतात, तेव्हा कप सांभाळणं अवघड जातं. मी पॅड, कागदी पिशव्या आणि ओले रुमाल बरोबर ठेवते आणि वापरलेलं सगळं खाली घेऊन येते.

दुसरं, पाय. तिसऱ्या दिवसाची खरी तयारी दुसऱ्या दिवशी संध्याकाळी होते. पोचल्यावर गप्पा मारत बसायचं नाही. आधी ओले मोजे काढायचे, पाय पुसून कोरडे करायचे, बोटांच्या फटी बघायच्या. जिथे कातडी लाल आणि गरम लागते तिथे फोड येणार हे नक्की, तिथे त्याच वेळी टेप. टेपचे कोपरे कात्रीने गोल कापायचे, म्हणजे मोज्यात अडकून सुटत नाहीत. नखं निघायच्या आठवडाभर आधीच कापून कानशीने घासून ठेवायची. उतारावर बूट अर्धा नंबर मोठा असेल तरच अंगठ्याची नखं वाचतात, आणि रोज पळून पाय सुजतातच.

आणि खा. भूक नसली तरी पोचल्यापासून तासाभरात. डाळ-भात, अंडं, बटाट्याची भाजी, गरम सूप, जे मिळेल ते दोनदा वाढून घे. तिसऱ्या दिवशी तीसाव्या किलोमीटरला पाय चालतात ते आदल्या रात्रीच्या भातावर.

पायवाट
रानपाखरू, हे सगळं प्रिंट काढून सॅकमध्ये ठेवते. कोणी इतकं नीट सांगितलं नव्हतं.

आतकरवाडी_एक्सप्रेस
आता मूळ प्रश्नाकडे: पुण्यात राहून तयारी.

सिंहगड. दुसरं काही शोधू नका. पण बहुतेक लोक सिंहगड चुकीचा वापरतात: चढताना घड्याळ लावतात, वर दही-ताक, भजी, आणि उतरताना गप्पा मारत निवांत. तुम्हाला उलट करायचंय. चढ चालत, शांत. उतार पळत, मन लावून.

कारण असं की उतरताना मांडीचा स्नायू ताणला जात असतानाच भार पेलत असतो, आणि त्या प्रकारच्या कामाने तो सगळ्यात जास्त सोलवटतो. दुखणं दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी शिगेला पोचतं, म्हणजे पहिल्या दिवशी गैरीबासच्या उतारावर उड्या मारल्या तर त्याचं बिल बरोबर मॅरेथॉनच्या दिवशी हातात. चांगली बातमी अशी की स्नायू एकदा नीट दुखला की पुढचे काही आठवडे तसल्याच उताराने तितका दुखत नाही. म्हणून उताराचा सराव हळूहळू वाढवायचा आणि शेवटचा मोठा उतार निघायच्या दोनेक आठवडे आधी संपवायचा.

तंत्र: पावलं छोटी आणि भरभर, गुडघा किंचित वाकलेला, अंग मागे झुकवायचं नाही, नजर तीन-चार पावलं पुढे. टाच आपटत ब्रेक मारत उतरलात की गुडघे आणि मांड्या दोन्ही गेले. ओल्या दगडावर मात्र हे सगळं सोडून चालायचं.

शिवाय सलग दिवसांची सवय. शनिवारी सिंहगड, रविवारी सपाटीवर लांब, सोमवारी सकाळी पुन्हा तासभर. सोमवारचा तास सगळ्यात महत्त्वाचा, कारण तो दमलेल्या पायांचा आहे. महिन्यातून एखादा असा आठवडा पुरे, दर आठवड्याला करू नका. पावसाळ्यात कात्रज ते सिंहगड टाळा, घसरड्या उतारावर शर्यतीआधीच पाय मोडून घेण्यात अर्थ नाही.

ठाणेकर
एक्सप्रेस, एक नंबर प्रतिसाद. आणि माझाच मुद्दा सिद्ध झाला: उताराची तयारी असेल तर तिसऱ्या दिवशी पळा की!

रानवारा
@ठाणेकर, 'असेल तर'. तेच तर म्हणतोय पहिल्यापासून.

माझं म्हणणं आता नेमकं करतो. मॅरेथॉनचा निर्णय सकाळी सुरुवातीच्या रेषेवर घेऊ नका. धारेवरचा भाग पहिल्या दोन दिवसांसारखाच संयमाने घ्या, तिथे घाई करून हाती काही लागत नाही, हवाच पातळ आहे. उतार सुरू झाला की पहिला किलोमीटरभर मुद्दाम हळू जा आणि मांड्या काय सांगतात ते ऐका. हलक्या वाटल्या, पाऊल नेमकं पडतंय असं वाटलं, तर सोडा स्वतःला. थरथरत असतील तर चालत उतरा. ताज्या पायांचा शेजारी पुढे जाईल, जाऊ दे. त्याची शर्यत रिंबिकला संपते, तुमची नाही.

ठाणेकर
हे मात्र पटलं. सहमत म्हणायला जड जातंय, पण सहमत.

सिलिगुडीची_सून
रिंबिकला पोचल्यावर गरम पाण्याची बादली मिळाली तर आधी गुडघ्याखालचे पाय गार पाण्यात आणि मग बाकीचं अंग गरम पाण्यात, असं आमच्याकडचे गाईड सांगतात. तिथे संदकफूपेक्षा ऊब असते, झोपही छान लागते. दोन रात्री वर नीट झोप झालेली नसते, त्यामुळे ही रात्र गमावू नका.

पायवाट
सगळ्यांचे आभार. माझं ठरलंय ते लिहिते, कोणाला खटकलं तर सांगा. पहिल्या दिवशी चढ चालायचे आणि गैरीबासच्या उतारावर ब्रेक न मारता पण जोर न लावता जायचं. दुसऱ्या दिवशी डोंगर बघत पळायचं. मॅरेथॉन रानवारांच्या पद्धतीने, उतारावर ठरवायची. गोळ्या नाहीत. डोकं दुखलं तर डॉक्टरांना सांगायचं, लपवायचं नाही, घरी आईलाही तसं कबूल केलंय. फक्त एक राहिलं: काठ्या घ्याव्यात का?

आतकरवाडी_एक्सप्रेस
वापरायची सवय असेल तर घ्या. पहिल्या दिवशीच्या चढावर दम वाचतो, तिसऱ्या दिवशी मांड्या थरथरायला लागल्या तर भार वाटला जातो. घडीच्या हव्यात, धारेवर पळताना पाठीला लावता आल्या पाहिजेत. सवय नसेल तर पायात अडकून तोंडावर पडाल. वापरून बघायच्या असतील तर या रविवारी पहाटे साडेपाचला सिंहगडाच्या पायथ्याशी आतकरवाडीच्या पार्किंगला या, माझ्याकडे जास्तीची जोडी आहे. चढताना गप्पा, उतरताना नाही.

चहाबाज
मीपण येतो. वरच्या पिठलं-भाकरीची ऑर्डर कोण देतंय?